रकाना

पत्र पोर्ट लुईहून आलं, विडी ब्रँचच्या पत्त्यावर.
कुणी मास्तरीणबाई, आडनाव फ्रेंच.
पूर्वज सोलापूरचे, एवढंच ठाऊक आहे म्हणे.
सोबत एका पानाची झेरॉक्स.
मालकांनी ती माझ्याकडे सरकवली,
"कोडम, जुनी अक्षरं तुम्हालाच लागतात."

सन अठराशे त्रेचाळीस. उसाच्या मळ्याची हजेरी.
नंबर, नाव, बापाचं नाव, उंची, अंगावरची खूण, सही.
सहीच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत फुल्या,
एकाच हाताने मारल्यासारख्या,
पण नीट बघितलं तर एक थरथरते,
एकीने कागद फाडलाय.

एकशे बारा : अप्पा.
बापाचं नाव : अप्पा.
शोलापूर, विणकर. डाव्या तळव्याला गाठ.
गाठ कसली, घट्टा तो,
मागाची पावडी दाबून दाबून पडलेला.
माझ्या आजोबांना होता. ते विळीनं कापायचे.

एकशे तेरा : आ-सिन.
चौदा : आ-फात. पंधरा : पुन्हा आ-सिन.
हे चिनी, सिंगापूरहून आणलेले, बाई लिहितात,
आणि "आ" हे नाव नव्हे.
घरचं माणूस हाक मारतं तेव्हा
नावाआधी तेवढा एक श्वास लागतो.
कारकुनानं विचारलं असेल, तुला काय म्हणतात?
त्यांनी खरं ते सांगितलं.
आडनाव कुणी विचारलंच नाही,
ते बंदरावरच राहिलं, ओल्या दोरखंडांपाशी.

मग अप्पा तरी काय?
रांगेत मागचा कुणी म्हणाला असेल,
अप्पा, जरा पुढं सरका.
दौतीत बुडालेला टाक तेवढंच ऐकून वर आला.

शेवटी बाईंनी लिहिलंय :
बारा आणि तेरा, दोघंही माझ्यात आहेत,
असं आजी म्हणायची. कोणती आजी, ते लिहिलं नाही.

मी चिडलो.
त्या मेलेल्या कारकुनावर, त्याच्या वळणदार अक्षरावर.
चहा आला, तो निवला.
खिडकीशी पोशव्वा उभी होती,
टोपलीत पासबुक, फडक्यात गुंडाळलेलं.
फंडाचं ऑफिस पैसे देईना. नाव जुळत नाही म्हणतात.
कार्डावर पोशव्वा, रजिस्टरला पोसाबाई.
"कुणी लिव्हलं की काय की, अण्णा."

रजिस्टर काढलं. एक्क्याण्णव सालचं.
अक्षर माझं.

आठवलं मला.
तिनं दोनदा सांगितलं होतं नाव.
मागं चाळीस बाया, हजाराचा हिशेब,
छाट काढल्यावरून भांडण,
पंखा बंद, रकाना पाऊण इंच.
मी हं हं म्हणालो.
मराठीत असंच बरं दिसतं, असं वाटलं होतं.
मी, कोडम नरहरी,
ज्याच्या घरात आजही आई तेलुगूत रागावते.

पानं उलटली.
यल्लव्वाची यल्लूबाई. राजव्वाची राजाबाई.
एक तर नुसती "भाभी".
तिला मी आता कुठं शोधू?
साखर पेठेत की नीलमनगरात?

प्रतिज्ञापत्राचा मजकूर मीच लिहिला :
पोसाबाई व पोशव्वा या एकच व्यक्ती होत.
"माझ्या चुकीमुळे" असं लिहून खोडलं.
वकील म्हणाला होता, कारण लिहू नका.

खाली अंगठा.
शाई लावली, दाबला. नुसता काळा डाग.
पुसून पुन्हा. पुन्हा डाग.
तेंदूची पानं कापून, दोरा आवळून
तिच्या बोटांवर एक रेघ उरली नव्हती.
माझ्याच रजिस्टरात रोजचे हजार, अकराशे,
तिथंच गेल्या असतील त्या.

तिसऱ्यांदा तिनं हात मागं घेतला,
पदराला नाही, भिंतीला पुसला.
झेरॉक्स टेबलावर तशीच उघडी होती.
तिनं तिच्याकडं बघितलं,
वाचता येत नाही तिला,
मग माझ्याकडं.

"अण्णा," म्हणाली, "फुली मारली तर चालतंय का?"